बीडमधून जैवनीतिशास्त्राकडे

२०१९ साली बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली होती. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या कामातून हे आकडे पुढे आले. त्याआधी आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितले होते की, जिल्ह्यात तीन वर्षांत अशा ४,६०५ शस्त्रक्रियांची नोंद आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत, २०१५-१६ मध्ये, १५ ते ४९ वयोगटातील गर्भाशय काढलेल्या स्त्रियांचे प्रमाण देशात ३.२ टक्के आणि महाराष्ट्रात २.६ टक्के होते. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी असल्याने या आकड्यांची थेट वजाबाकी करता येत नाही, पण फरक डोळ्यांआड करण्याइतका लहानही नाही.

या शस्त्रक्रियांपैकी बहुतेकींच्या कागदपत्रांवर सही किंवा अंगठा असणार. अनेक जणी स्वतःहून दवाखान्यात गेल्या होत्या. पाळीचा त्रास, अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटाची कळ यांनी त्या बेजार झाल्या होत्या आणि ‘एकदाचे काढून टाका’ असे त्यांनीच डॉक्टरांना सांगितले होते. मग चूक नेमकी कुठे झाली? सही आहे, रोग आहे, शस्त्रक्रिया कायदेशीर आहे आणि तरीही काहीतरी गंभीर बिघडले आहे, असे जेव्हा सगळ्यांनाच वाटते, तेव्हा त्या वाटण्याला तर्काचा आधार देणे हे एका स्वतंत्र ज्ञानशाखेचे काम असते. तिला जैवनीतिशास्त्र म्हणतात. ‘बायोएथिक्स’ या नावाने जगभरच्या विद्यापीठांत तिची पदव्युत्तर पदवी मिळते. बीड, धारूर, केज, पाटोदा किंवा वडवणीच्या एखाद्या पदवीधराने ही वाट धरायची म्हटली तर त्याला काय शिकावे लागेल, कुठे शिकता येईल आणि शिकून करायचे काय, हे समजून घ्यायला बीड जिल्ह्याइतका चांगला आरंभबिंदू दुसरीकडे शोधायची गरज नाही.

चार तत्त्वे आणि एक कोयता

या विषयाच्या पहिल्या सत्रात जवळपास सर्वत्र चार तत्त्वे शिकवली जातात. टॉम बोशँप आणि जेम्स चिल्ड्रेस या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९७९ साली ती एका ग्रंथात मांडली. रुग्णाचा निर्णय रुग्णाचा असावा, ही स्वायत्तता. उपचाराने रुग्णाचे भले व्हावे, हे हित. त्याला अपाय होऊ नये, हे अहित टाळणे. आणि लाभ व ओझे यांची वाटणी रास्त असावी, हा न्याय. ऐकायला चारही सोपी आहेत. खरा अभ्यास सुरू होतो तो ही तत्त्वे एकमेकांना अडवू लागतात तेव्हा.

ऊसतोडीचा व्यवहार समोर ठेवून पाहिले तर ते लगेच दिसते. दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात आणि मुकादम त्या जोडीला हंगामाआधीच उचल देतो. ही उचल तोडलेल्या उसाच्या टनांमधून फेडायची असते. कामावर एक दिवस गेले नाही तर खाडा पडतो आणि त्याचा दंड भरावा लागतो. फडाजवळच्या पालांवर संडास नाही, न्हाणी नाही, पुरेसे पाणी नाही. पहाटे उठून स्वयंपाक, दिवसभर तोडणी, डोक्यावर मोळ्या वाहून गाडी भरणे, आणि पाळीच्या दिवसांतही यातून सुटका नाही. लहान वयात लग्न, लागोपाठ बाळंतपणे, विशी-पंचविशीत कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया हा अनेकींचा क्रम. मूल नको असे ठरले की गर्भाशय ही आता निरुपयोगी आणि त्रासदायक वस्तू, असे त्यांना सांगितले जाते. ‘पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल’ हे वाक्य कानावर पडल्यावर निर्णय व्हायला वेळ लागत नाही. काही जणींनी ऑपरेशनसाठीही मुकादमाकडूनच पैसे घेतल्याचे वृत्तांतांमध्ये आले आहे. म्हणजे शस्त्रक्रियेचा खर्चही पुढच्या हंगामाच्या उचलीत जमा.

आता स्वायत्ततेचे तत्त्व लावून पाहू. बाईने स्वतः ठरवले, म्हणून तिचा निर्णय मान्य करायचा का? मान्य केला तर ज्या परिस्थितीने तिला तिथवर ढकलले ती नजरेआड होते. अमान्य केला तर ‘तुला तुझे भले कळत नाही’ असे एका कष्टकरी स्त्रीला सुनावल्यासारखे होते. जैवनीतिशास्त्रातील स्त्रीवादी अभ्यासकांनी या कोंडीवर बरेच लिहिले आहे. त्यांचे म्हणणे असे की माणूस एकटा बसून निर्णय घेत नाही, तो नात्यांच्या, कर्जाच्या आणि पर्यायांच्या जाळ्यात राहून घेतो. म्हणून ‘सही कोणी केली’ एवढे विचारून थांबता येत नाही. सही करण्याआधी तिच्यापुढे दुसरे कोणते पर्याय होते, ते तिला कोणी सांगितले आणि त्यातला कोणता तिच्या आवाक्यात होता, हेही विचारावे लागते. गोळ्यांचा कोर्स सहा महिने चालणार असेल आणि ती सहा महिने दवाखान्यापासून दोनशे किलोमीटरवर फडात असेल, तर तो पर्याय कागदावर राहतो.

अपायाची बाजूही ठोस आहे. गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली तर रजोनिवृत्ती एकदम येते. तरुण वयात हे घडले की हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. ज्या स्त्रीचा रोजगार पाठीवर आणि मणक्यावर अवलंबून आहे तिच्यासाठी हा धोका किती मोठा, हे वेगळे सांगायला नको.

२०१९ नंतर जिल्ह्यात गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याची पद्धत आली. याने लगाम बसला, पण नीतीचा प्रश्न तिथे संपत नाही. जिला खरोखर शस्त्रक्रिया हवी आहे आणि जी हंगामाला निघण्याआधी ती उरकू पाहते, तिच्या वाटेत हा एक अर्ज वाढला. शिवाय अशी परवानगी शहरातील सधन स्त्रीला घ्यावी लागत नाही. संरक्षण आणि अविश्वास यांच्यात सीमारेषा कुठे आखायची, यावर एका सत्राचा पूर्ण पेपर लिहिता येईल. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातील अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांबाबतच्या याचिकेवर निकाल देताना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्यास राज्यांना सांगितले. म्हणजे हा प्रश्न एकट्या बीडचा नाही.

मेकन काउंटीचे उदाहरण

या विषयाची जन्मकथा सांगताना प्राध्यापक हमखास अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या मेकन काउंटीत जातात. तिथे १९३२ साली सरकारी सार्वजनिक आरोग्य सेवेने टस्कीगी येथे एक अभ्यास सुरू केला. गरमी म्हणजे सिफिलिस झालेले ३९९ आणि न झालेले २०१ कृष्णवर्णीय पुरुष त्यात घेतले. त्यातले बहुतेक दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करणारे गरीब लोक. तुम्हाला नेमके काय झाले आहे हे त्यांना सांगितले नाही. फुकट तपासणी, जेवण आणि मेल्यावर दफनाचा खर्च, एवढ्यावर त्यांना राखले. १९४०च्या दशकात पेनिसिलिन हा उपाय उपलब्ध झाला, तोही त्यांच्यापासून दूर ठेवला. रोग उपचाराविना कसा वाढतो ते पाहायचे होते. १९७२ साली वृत्तपत्रांत वाचा फुटल्यावरच हा अभ्यास थांबला, चाळीस वर्षांनी.

त्यातून १९७४ चा संशोधनविषयक कायदा झाला आणि १९७९ चा बेलमाँट अहवाल आला. माणसांवर संशोधन करताना पाळायच्या नियमांचा तो एक पाया मानला जातो. १९९७ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी वाचलेल्या लोकांची आणि कुटुंबांची जाहीर माफी मागितली. पुढे १९९९ मध्ये टस्कीगी विद्यापीठातच जैवनीतिशास्त्राचे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले. ज्या मातीत अन्याय झाला तिथेच त्याचा अभ्यास करणारी संस्था निघाली आणि जगभरचे विद्यार्थी आज मेकन काउंटीचे नाव घेऊन परीक्षा देतात.

बीडची गोष्ट टस्कीगीसारखी नाही. तिथे सरकारने जाणूनबुजून प्रयोग केला होता. इथे खासगी दवाखाने, साखर उद्योग, दुष्काळ, उचल आणि सार्वजनिक आरोग्यसेवेची तूट यांनी मिळून एक घडण तयार केली, जिच्यात कोणा एकाला गुन्हेगार ठरवणे अवघड आहे. म्हणूनच ती अभ्यासाला अधिक कठीण आणि अधिक मोलाची आहे. भारतीय विद्यार्थ्याने टस्कीगी अवश्य वाचावे, पण त्याच्या जोडीने आपल्या भागातली प्रकरणे वाचली नाहीत तर त्याची पदवी अर्धी राहील.

आपल्याकडचा पाठ

ही प्रकरणे थोडी नाहीत. बीडला लागून असलेल्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची एक मोठी चाचणी झाली. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ती केली. ४९७ खेड्यांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया चार गटांत विभागल्या होत्या. तीन गटांना वेगवेगळ्या पद्धतींनी तपासण्याचे ठरले: एचपीव्ही विषाणूची चाचणी, पेशींची चाचणी आणि व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहणे. ३१,४८८ स्त्रियांच्या चौथ्या गटाला जी सेवा तेव्हा गावात मिळत होती तीच मिळाली. म्हणजे नियमित तपासणी नाहीच. २००९ साली निष्कर्ष छापून आले. एचपीव्ही चाचणीच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, चौथ्या गटात ६४.

एकाच वेळी हा वैद्यकशास्त्राचा विजय आहे आणि नीतीचा पेच आहे. एका चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आणता येतात हे मराठवाड्यातल्या बायांमुळे जगाला कळले. पण गर्भाशयमुखाच्या तपासणीचा उपयोग पाश्चात्त्य देशांत कित्येक दशकांपासून माहीत असताना चौथ्या गटाला ती न देणे योग्य होते का, असा आक्षेप अमेरिकेतील एका डॉक्टरांनी नोंदवला आणि ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये त्यावर वाद झाला. संशोधकांची बाजू अशी की ग्रामीण भारतात त्या वेळी तपासणीची सोयच नव्हती, त्यामुळे कोणाकडून काही हिरावून घेतले नाही. हेलसिंकी जाहीरनाम्यानुसार नव्या उपायाची तुलना सिद्ध झालेल्या सर्वोत्तम उपायाशी व्हायला हवी. पण सर्वोत्तम म्हणजे कुठे उपलब्ध असलेला? बोस्टनमध्ये की भूममध्ये? ज्या विद्यार्थ्याने भूम-परांड्याची एसटी पकडली आहे, त्याला या प्रश्नाचे वजन पुस्तकाबाहेरही कळते.

संमतीचा प्रश्न न्यायालयातही गेला आहे. १९९५ मध्ये दिल्लीत एका स्त्रीला दुर्बिणीने निदान करण्यासाठी भूल दिली. ती बेशुद्ध असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय, अंडाशये आणि बीजवाहिन्या काढल्या. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी समीरा कोहली खटल्यात सांगितले की निदानासाठीची संमती ही अवयव काढण्याची संमती होत नाही आणि सज्ञान, सक्षम रुग्णाच्या वतीने आईला ती देता येत नाही. पण त्याच निकालात न्यायालयाने माहिती किती द्यायची याचा अमेरिकी, म्हणजे जास्त कडक, निकष नाकारला. भारतातले बरेच रुग्ण गरीब आणि अल्पशिक्षित आहेत, ही वस्तुस्थिती त्यामागे होती. यावर विद्यार्थ्यांत दोन तट पडतात. एक म्हणतो, वास्तव ओळखून न्यायालयाने शहाणपण दाखवले. दुसरा म्हणतो, ज्याला कमी कळते त्याला जास्त समजावून सांगण्याची जबाबदारी डॉक्टरची असते, ती हलकी कशी करता येईल?

महाराष्ट्रात गर्भाशयावरून वाद त्याआधीही पेटला होता. फेब्रुवारी १९९४ मध्ये पुणे जिल्ह्यातील शिरूरच्या शासकीय वसतिगृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. पाळीच्या दिवसांत त्यांची स्वच्छता राखणे कठीण जाते, हे कारण दिले गेले. स्त्री संघटना आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी विरोध केल्यावर पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. सांभाळणाऱ्यांची सोय आणि मुलीचे हित ही दोन वेगळी मोजमापे आहेत, हे त्या वादाने मराठी वाचकांपुढे ठळकपणे आणले. फडातल्या बाईबाबत मुकादमाची सोय आणि तिचे हित यांचाही हिशेब असाच वेगळा मांडावा लागतो.

आणि बीडचे दुसरे दुखणे गर्भलिंगनिदानाचे. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. २०११ मध्ये ८०७ झाल्या. २०१२ साली परळीत गर्भपातादरम्यान एका स्त्रीचा मृत्यू झाला आणि तिथल्या डॉक्टर दांपत्याचे प्रकरण देशभर गाजले. २०१९ मध्ये न्यायालयाने त्यांना शिक्षा सुनावली. खरे तर गर्भलिंगनिदानाविरुद्ध पहिला कायदा देशात महाराष्ट्रानेच १९८८ साली केला होता, केंद्राचा १९९४ चा. कायदे कागदावर राहिले म्हणून मुंबईची ‘सेहत’ आणि पुण्याची ‘मासूम’ या संस्था डॉ. साबू जॉर्ज यांच्यासह सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि त्यातून २००३ साली अंमलबजावणीचे आदेश निघाले. पण कडक अंमलबजावणीची दुसरी बाजू अशी की गर्भपाताला १९७१ च्या कायद्याने अटींसह परवानगी असूनही तपासणीच्या धास्तीने काही डॉक्टर चौथ्या-पाचव्या महिन्यातील कायदेशीर गर्भपातालाही नकार देऊ लागले. मुलीचा जीव वाचवणारा कायदा आणि बाईला तिच्या शरीरावर हक्क देणारा कायदा एकमेकांना अडवतात, तेव्हा काय करायचे, याचे तयार उत्तर कोणत्याही पुस्तकात नाही.

कुठे शिकायचे

जैवनीतिशास्त्राची एमए, एमएस किंवा एमबीई अशी पदवी एक ते दोन वर्षांची असते. नीतितत्त्वज्ञान, आरोग्य कायदा, रुग्णालयातील निर्णय, संशोधनाचे नियम, सार्वजनिक आरोग्यातील न्याय आणि शेवटी एक प्रबंध किंवा क्षेत्रकाम, हा साधारण आराखडा. एमबीबीएस, बीएचएमएस, नर्सिंग, विधी, समाजकार्य, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, पत्रकारिता या सगळ्यांना बहुतेक ठिकाणी दार उघडे असते. डॉक्टर असणे ही अट नाही, आणि ते बरेच आहे, कारण वर्गात वकील, परिचारिका आणि तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी एकाच प्रकरणावर भांडले तरच विषय पुढे सरकतो.

भारतात या विषयाची पूर्ण पदव्युत्तर पदवी देणाऱ्या जागा अजून मोजक्या आहेत. मंगळुरूच्या येनेपोया अभिमत विद्यापीठातील नीतिशास्त्र केंद्राने जैवनीती आणि वैद्यकीय नीतीची पदव्युत्तर पदविका सुरू केली आणि पुढे संशोधन नीतीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाकडे वळले. बेंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची वैद्यकीय कायदा व नीती ही पदविका दूरस्थ पद्धतीने करता येते, पुण्यात सिम्बायोसिसची वैद्यकीय-विधी विषयातील पदविका आहे. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या केज-माजलगावच्या परिचारिकेला किंवा वकिलाला हे मार्ग जवळचे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चेन्नईतील राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा संशोधनाच्या नीतितपासणीवरचा ऑनलाइन अभ्यासक्रमही आहे. पदवीआधी विषय झेपतो का, हे अजमावायला तो उपयोगी पडतो.

परदेशी जायचे तर जॉन्स हॉपकिन्स, पेनसिल्व्हेनिया, हार्वर्ड, कोलंबिया, टोरंटो, बेल्जियममधील ल्यूवेन अशी नावे समोर येतात. खर्च मोठा, म्हणून शिष्यवृत्तीचा शोध प्रवेशाच्या आधीच वर्षभर सुरू करावा लागतो. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. विमुक्त जाती, भटक्या जमाती, इतर मागास वर्ग यांच्यासाठी स्वतंत्र योजना आहे. बीडच्या ऊसतोड कुटुंबांमध्ये या समाजांतील मुलांची संख्या मोठी असल्याने ही माहिती तिथल्या महाविद्यालयांच्या सूचनाफलकावर असायला हवी. अर्जासोबत जे उद्देशपत्र लागते, त्यात बीडचा विद्यार्थी जे लिहू शकतो ते कोणत्याही महानगरातील विद्यार्थ्याला सुचणार नाही. आईने पिशवी का काढली, मोठ्या बहिणीने तेराव्या वर्षी कोयता का धरला, हे तो जवळून जाणतो. निवड समितीला तो अनुभव हवा असतो, आणि त्याबरोबर त्या अनुभवाकडे प्रश्न म्हणून पाहता येते याचा पुरावाही.

इथेच एक सावधानता शिकवावी लागते. २०१९ मध्ये प्रसारमाध्यमांनी काही गावांची नावे घेऊन त्यांना ‘गर्भाशय नसलेल्या बायांचे गाव’ ठरवले. व्यक्तीचे नाव लपवले तरी गावाचा शिक्का बसतो, आणि तो त्या गावातल्या प्रत्येक घराला चिकटतो. संशोधन नीतीत याला समूहाला होणारी हानी म्हणतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत समाजगटांच्या संरक्षणावर भर आहे. स्वतःच्या घरची गोष्ट प्रबंधात मांडणाऱ्याने शेजाऱ्यांच्या खासगीपणाचाही विचार करावा लागतो.

पदवीनंतर काय

जिल्हा रुग्णालयात जैवनीतितज्ज्ञाचे पद नाही, हे आधीच माहीत असलेले बरे. पण काम आहे. २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांनुसार चाचण्यांना मंजुरी देणाऱ्या नीती समितीत किमान सात सदस्य असावे लागतात, त्यांत निम्मे संस्थेबाहेरचे, आणि अध्यक्षही बाहेरचाच. एक स्त्री, एक कायदेतज्ज्ञ, एक सामान्य नागरिक आणि समाजशास्त्रज्ञ किंवा नीतितज्ज्ञ यांसारखी एक स्वतंत्र व्यक्ती हवी. महाराष्ट्रात पुणे, मुंबई, नागपूरला या समित्या मोठ्या संख्येने आहेत, पण त्यातल्या बाहेरच्या सदस्याने प्रस्ताव नीट वाचावा, संमतीपत्र खेड्यातल्या बाईला कळेल का ते तपासावे, अशी तयारी असणारी माणसे दुर्मीळ आहेत. औषध कंपन्या, संशोधन संस्था, मोठी रुग्णालये आणि स्वयंसेवी संस्था यांतही प्रशिक्षित माणसे लागतात. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून वृत्ती, नीती आणि संवाद हा भाग आला आहे, तो शिकवणारे प्राध्यापक घडवायचे आहेत.

आणि बीड जिल्ह्यात त्यासाठी जागा तयार आहे. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९७४ मध्ये उभे राहिले, तेही ग्रामीण वैद्यकीय शिक्षणाची कल्पना डोळ्यांसमोर ठेवून. मुंबईत १९९३ पासून डॉ. सुनील पंड्या, डॉ. अमर जेसानी यांच्यासारख्या लोकांनी वैद्यकीय नीतीचे नियतकालिक चालवले. त्याच धर्तीवर अंबाजोगाईत मराठीतून प्रकरण-अभ्यासाचा एक वर्ग चालू शकतो, ज्यात पाटोद्याची आशा कार्यकर्ती आणि महाविद्यालयाचा निवासी डॉक्टर शेजारी बसतील.

अशा वर्गापुढे पहिले काम काय ठेवायचे, हेही ठरवता येण्याजोगे आहे. शल्यचिकित्सकांच्या परवानगीच्या पद्धतीनंतर जिल्ह्यात किती अर्ज आले, किती नाकारले, आणि ज्यांचे अर्ज नाकारले त्या बाया त्यानंतर कुठे गेल्या? त्यांनी शेजारच्या जिल्ह्यात शस्त्रक्रिया करून घेतली, की त्रास सोसत हंगामाला गेल्या, की गोळ्यांनी बऱ्या झाल्या? हा एक पूर्ण प्रबंध आहे. त्यासाठी बायांची संमती कशी घ्यायची, त्यांची नावे कुठे ठेवायची, निष्कर्ष आधी त्यांना कसे सांगायचे आणि मग सरकारला, हे लिहिणाऱ्याला पदवीच्या दोन वर्षांत शिकावे लागेल. हंगाम संपून टोळ्या परतल्या की एप्रिलच्या आसपास मुलाखतींना सुरुवात करता येते.